आधी विश्वास की आधी पाणी? : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील तारणाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकांविषयी आपण वर्गात शिकवतो, तेव्हा 'धर्मांतर' हा एकच शब्द वापरून पुढे जातो. पंडिता रमाबाई, २९ सप्टेंबर १८८३, वाँटेज. नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. बाबा पदमनजी, १८५४, बेळगाव. विद्यार्थी तारखा लिहून घेतात, उत्तरपत्रिकेत त्या बरोबर येतात आणि धर्मांतर ही एका दिवशी घडून संपलेली घटना आहे, असा समज पक्का होतो. या मंडळींचे स्वतःचे लेखन मात्र या समजाला साथ देत नाही. त्यांनी ज्या घडामोडी पानेच्या पाने सांगितल्या आहेत, त्या त्या तारखेच्या कितीतरी आधीच्या किंवा नंतरच्या आहेत. प्रत्यक्ष संस्काराचे वर्णन पुष्कळदा काही ओळींत आटोपते.

याचे कारण असे, की आपण ज्याला धर्मांतर म्हणतो, त्याच्या पोटात ख्रिस्ती विचारातील तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत : विश्वास, बाप्तिस्मा आणि तारण. विश्वास मनात घडतो. बाप्तिस्मा चारचौघांसमोर, पाण्याने होतो. तारण ही ईश्वराची कृती मानली जाते आणि तिचा साक्षीदार दुसरा कोणी असू शकत नाही. या तिन्हींचा क्रम काय, आणि पहिल्या दोहोंवाचून तिसरे शक्य आहे काय, हा ख्रिस्ती शास्त्राभ्यासातील फार जुना वाद आहे. मराठी आत्मकथनांत तोच वाद माणसांच्या आयुष्यात उतरलेला दिसतो. तो ध्यानात न घेता ही पुस्तके वाचली, तर त्यांतील मुख्य पेच हातातून निसटतो, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

प्रथम शास्त्राकडे पाहू. या प्रश्नाचे एक ठाम उत्तर 'नव्या करारा'त असेल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात 'प्रेषितांची कृत्ये' या एकाच पुस्तकात किमान चार प्रकारचे क्रम आढळतात. दुसऱ्या अध्यायात पेत्र यरुशलेमेतील जमावाला पश्चात्ताप करून बाप्तिस्मा घ्यायला सांगतो. पापांची क्षमा आणि पवित्र आत्म्याचे दान त्यानंतर येते. आठव्या अध्यायात शोमरोनातील लोक विश्वास ठेवतात, बाप्तिस्माही घेतात. परंतु पवित्र आत्मा त्यांना पुढे पेत्र व योहान येऊन हात ठेवतात तेव्हा मिळतो. दहाव्या अध्यायात कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी सगळा क्रमच उलटतो. पेत्राचे भाषण चालू असतानाच आत्मा श्रोत्यांवर उतरतो आणि आता यांना पाणी नाकारणार कोण, या विचाराने त्यांना नंतर बाप्तिस्मा दिला जातो. सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथील तुरुंगाचा अधिकारी तारणाचा मार्ग विचारतो. त्याला विश्वास ठेवायला सांगितले जाते आणि त्याच रात्री घरादारासह त्याचा बाप्तिस्मा होतो.

आठव्या अध्यायातच आणखी एक प्रसंग आहे आणि तो साहित्याच्या अभ्यासकाला विशेष मोलाचा वाटावा. एक हबशी अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत चालला आहे. वाचलेले कळते का, असे फिलिप त्याला विचारतो. समजावून सांगणारा कोणी नसेल तर कसे कळावे, असा त्याचा प्रतिप्रश्न आहे. पुढे वाटेत पाणी दिसते आणि तो बाप्तिस्मा मागतो. रूढ पाठात येथे फिलिप अट घालतो, की मनापासून विश्वास असेल तरच; आणि अधिकारी आपला विश्वास बोलून दाखवतो. मात्र हे सदतिसावे वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. पाण्याआधी विश्वासाची कबुली असलीच पाहिजे, असे वाटणाऱ्या कोणा उत्तरकालीन लेखनिकाच्या हातून ते संहितेत आले असावे, असे पाठचिकित्सक मानतात. मार्कच्या सोळाव्या अध्यायातील, विश्वास आणि बाप्तिस्मा यांना तारणाशी जोडणारे प्रसिद्ध वचनही अशाच उत्तरभागात येते. त्या अध्यायातील नवव्या वचनापासूनचा मजकूर सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही प्राचीन हस्तलिखितांत आढळत नाही. शिवाय त्या वचनाच्या पूर्वार्धात विश्वास व बाप्तिस्मा दोन्ही आहेत, पण उत्तरार्धात दंडाचे कारण म्हणून केवळ अविश्वास सांगितला आहे. बाप्तिस्म्याचा उल्लेख तेथे गळतो. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर तास घेणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. सिद्धांताचा वाद बहुधा पाठातील फटीतूनच आत शिरतो.

पत्रांकडे वळले तर दोन्ही पक्षांना आधार मिळतात. इफिसकरांस लिहिलेले पत्र तारण हे कृपेचे दान मानते. ते विश्वासाच्या द्वारे मिळते, कर्मांनी नाही. याकोबाचे पत्र कर्मांवाचूनच्या विश्वासाला मृत ठरवते. पौल करिंथकरांना सांगतो, की आपल्याला बाप्तिस्मा देण्यासाठी पाठवलेले नाही, शुभवर्तमान सांगण्यासाठी पाठवलेले आहे. आणि तोच पौल रोमकरांच्या पत्रात बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर मरून पुरले जाणे म्हणतो. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेमाला पाणी आणि आत्मा या दोहोंपासून जन्मण्याविषयी सांगितले जाते, तर लूकच्या तेविसाव्या अध्यायात क्रुसावरच्या अपराध्याला पाण्याच्या एका थेंबावाचून स्वर्गलोकाचे अभिवचन मिळते. पेत्राच्या पहिल्या पत्रात एक वेगळाच बारकावा आहे. बाप्तिस्मा तारतो, असे तेथे म्हटले आहे. पण लगेच खुलासा येतो, की शरीराचा मळ धुणे हा त्याचा अर्थ नसून शुद्ध मनाने ईश्वराकडे केलेली ती मागणी आहे.

चर्चच्या इतिहासात या सर्व वचनांचा मेळ निरनिराळ्या रीतींनी घातला गेला. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला. व्हॅलेंटिनियन दुसरा हा तरुण सम्राट ३९२ साली बाप्तिस्म्यावाचूनच मरण पावला. तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी, त्याने ज्याची इच्छा धरली होती ते त्याला लाभलेच, असे सांगून शोक करणाऱ्यांचे समाधान केले. 'इच्छेचा बाप्तिस्मा' ही कॅथलिक कल्पना याच वाटेने पुढे आली. १५२५ साली झुरिकमध्ये काही मंडळींनी लहानपणी झालेला बाप्तिस्मा नाकारून, स्वतःच्या विश्वासावर तो पुन्हा घेतला. अ‍ॅनाबाप्टिस्ट परंपरा येथून सुरू झाली. इंग्लंडच्या चर्चमध्ये तर हा वाद चक्क न्यायालयात गेला. बाप्तिस्म्याबरोबरच तान्ह्या मुलाचा नवा जन्म होतो, हे गॉरहॅम नावाचे पाद्री निःशंकपणे मानीत नाहीत, म्हणून एक्झिटरच्या बिशपांनी १८४८ साली त्यांना नवी जागा नाकारली. १८५० साली प्रिव्ही कौन्सिलने गॉरहॅम यांच्या बाजूने निकाल दिला. हा वाद येथे मुद्दाम नोंदवतो आहे, कारण पुढे तो रमाबाईंच्या चरित्रात पुन्हा भेटणार आहे.

हा मतभेद भारतात भाषांतराच्या वाटेनेही आला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे असा आहे, तेव्हा भारतीय भाषांत बुडवणे याच अर्थाचा शब्द वापरावा, असे बंगालमधील बाप्टिस्ट भाषांतरकारांचे मत होते. इतर पंथांना ते मान्य नव्हते. १८३० नंतरच्या दशकात ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने अशा बंगाली भाषांतराला पैसा देण्याचे नाकारले आणि त्यातून १८४० साली बाप्टिस्टांची वेगळी भाषांतर संस्था उभी राहिली. मराठीत रुळला तो 'बाप्तिस्मा' हा मूळ ध्वनी जवळजवळ तसाच ठेवणारा शब्द. त्याचा एक परिणाम असा, की मराठी वाचकाला त्यातून शिंपडणे, ओतणे, बुडवणे यांपैकी काहीच कळत नाही. शब्दाला अर्थाची पूर्वपीठिका नसल्यामुळे समाजाने आपल्याला हवा तो अर्थ त्यात भरला. 'तारण' या शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. 'तॄ' धातूपासून आलेल्या या शब्दामागे नदी, नाव आणि पैलतीर उभे आहेत. संतवाङ्मयातील भवसागराची प्रतिमा त्याच्यासोबत आपोआप येते. शिवाय व्यवहारातले तारण, म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू, हाही अर्थ मराठी कानाला परका नाही. ख्रिस्ताने पापाचे ऋण फेडले, या कल्पनेला हा शब्द किती सहज जुळून येतो!

आता महाराष्ट्र. येथे बाप्तिस्म्याला जे वजन आले, ते केवळ शास्त्रातून आलेले नाही. माणूस मनात काय मानतो, याच्याशी जातीला फारसे कर्तव्य नव्हते. तो कोणाच्या हातचे खातो-पितो, याच्याशी होते. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. परंतु तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यांच्याकडचे अन्न त्याच्या पोटात गेले होते. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठे वादळ उठले आणि घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली ज्यांच्यासमोर चहा ठेवला गेला, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. यांच्यापैकी कोणीही येशूवर विश्वास ठेवल्याची शंका कोणाला नव्हती, तरीही प्रायश्चित्ताचे प्रकरण वर्षानुवर्षे गाजले.

कायद्याचीही स्थिती तशीच होती. १८५० च्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित ठेवला. ख्रिस्ती झालेल्याचा जोडीदार सोबत राहण्यास तयार नसेल, तर विवाह रद्द होण्याची तरतूद १८६६ च्या कायद्याने केली. अंतःकरणातला विश्वास न्यायालयात दाखल करता येत नाही. बाप्तिस्म्याची नोंद करता येते. अशा रीतीने ज्याला पेत्राचे पत्र शुद्ध मनाची मागणी म्हणते, तोच संस्कार येथे वारसा, विवाह, स्वयंपाकघर आणि पाणवठा या सर्वांवर एकाच वेळी रेषा ओढणारा ठरला. विश्वास आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये कित्येकांच्या आयुष्यात वर्षांचे अंतर पडले, ते यामुळे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८) हे आत्मचरित्र वस्तुतः याच अंतराचे चरित्र आहे. परमहंस मंडळीतील सहवास, मिशनच्या शाळेतील वाचन, मन वळल्यानंतरही पाऊल न उचलण्याची घालमेल आणि घरच्यांचे दुःख, हा त्यातील खरा विषय. विश्वास आधी आणि पाणी नंतर, हा क्रम तेथे स्पष्ट आहे. मधल्या काळात माणूस कोणाचा, हा प्रश्नही तितकाच स्पष्ट आहे.

रमाबाईंचा क्रम मात्र याहून वेगळा आहे. त्यांचा मूळ प्रश्न बाप्तिस्म्याचा नव्हता, तारणाचा होता. आणि तो ख्रिस्ती वाचनातून निघाला नव्हता. कलकत्त्यात असताना व्याख्यानांसाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचले. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की त्या ग्रंथांमध्ये इतर बाबतींत कितीही विरोध असला तरी स्त्रीजात वाईट आहे आणि पुरुषाप्रमाणे तिला मोक्ष नाही, याविषयी मात्र त्यांचे एकमत त्यांना आढळले. ज्या बाईने लहानपणापासून तीर्थयात्रा, पुराणपठण आणि उपवास यांत आयुष्य घालवले होते, जिचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेले होते, तिला हा निष्कर्ष केवळ बौद्धिक राहणे शक्य नव्हते. मला मुक्ती आहे की नाही, हा तिचा प्रश्न होता.

उत्तराच्या शोधात त्या तीन निरनिराळ्या ख्रिस्ती परंपरांतून गेल्या, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सिलचरला, विवाहानंतर, घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचे बंगाली भाषांतर सापडले आणि तेथील अ‍ॅलन नावाच्या बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी काही समजून घेतले. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीच्या निधनानंतर त्या पुण्यास आल्या. तेथे मिस हरफर्ड यांच्यापाशी 'नवा करार' वाचला. नेहेम्या गोरे यांच्या विवेचनाचा त्यांच्यावर परिणाम झाला. पुढे इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींनी पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम त्यांनी पाहिले आणि त्यामागची प्रेरणा विचारली, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा दाखवण्यात आली. विहिरीवर आलेल्या, समाजाने दूर लोटलेल्या एका बाईशी येशू जीवनाच्या पाण्याविषयी बोलतो. स्त्रीला मोक्ष आहे का, या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांना या कथेत मिळाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी अडीच वर्षांच्या मनोरमेचाही झाला. आईने स्वतःच्या निर्णयाने आणि मुलीने आईच्या निर्णयाने तेच पाणी घेतले, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे.

वाँटेजचा भगिनीसंघ १८४८ साली स्थापन झालेला, ऑक्सफर्ड चळवळीच्या वातावरणात वाढलेला. बाप्तिस्म्यातच नवा जन्म होतो, असे मानणारा तो पक्ष. त्या दृष्टीने रमाबाईंचा प्रश्न त्या दिवशी मिटला होता. उरले होते ते चर्चचे सिद्धांत विनयाने स्वीकारणे. रमाबाईंनी तसे केले नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्याचा सिद्धांत, अथनेशियसच्या नावाने चालणारे विश्वासवचन, मनोरमेला काय शिकवावे, अशा अनेक विषयांवर त्या हट्टाने वाद घालतात. भारतातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवल्यावर दुसरे तसेच जू घेण्याची आपली तयारी नाही. आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहोत, पण बिशप-पाद्र्यांच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द आपल्यावर बंधनकारक नाही, असा त्यांचा पवित्रा आहे. १९७७ साली हा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील जेराल्डिन यांच्या पत्रांतून दुखावलेल्या आईची काळजी आणि गुरूचा अधिकार दोन्ही जाणवतात. एका बाजूला पाणी घेतले म्हणजे कुटुंबात आलीस ही भावना. दुसऱ्या बाजूला पाणी घेतले म्हणून विचार करणे सोडलेले नाही ही जाणीव.

यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ साली, रमाबाईंच्या आतल्या आयुष्याचे वळण येते. तोवर अमेरिकेचा दौरा झाला होता, 'शारदासदन' ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडून पुण्यास आले होते. बाहेरून पाहणाऱ्याला त्या केव्हाच्याच ख्रिस्ती होत्या. त्यांची स्वतःची कबुली मात्र अशी, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. या काळात त्यांनी वाचलेले एक पुस्तक विल्यम हॅसलम यांचे होते. हॅसलम हे कॉर्नवॉलमधील पाद्री. बाप्तिस्म्यातील पुनर्जन्माचे समर्थन करणाऱ्या पक्षातलेच. १८५१ साली स्वतःच्याच व्यासपीठावरून प्रवचन करीत असताना आपल्याला खरा विश्वास नव्हता, याचा साक्षात्कार त्यांना झाला, अशी त्यांची कहाणी आहे. गॉरहॅम खटल्यात जे दोन पक्ष समोरासमोर होते, त्यांच्यामधली वाट हॅसलम यांनी जशी ओलांडली, तशीच चार दशकांनंतर पुण्यातल्या एका मराठी विदुषीने ओलांडली. तिच्या आयुष्यात पाणी आधी आले, तारणाची खात्री नंतर आली.

पुढे केडगावच्या आश्रमाला त्यांनी जे नाव दिले, ते 'मुक्ती'. मोक्ष नाही, तारणही नाही. धर्मशास्त्राने नाकारलेली आणि शुभवर्तमानाने देऊ केलेली अशी दोन्हीकडची गोष्ट या एका शब्दात मावते. विधवेची समाजाच्या जाचातून सुटकाही मावते. १९०५ साली तेथील मुलींमध्ये जी प्रार्थनेची लाट उसळली, तिला पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा म्हटले गेले. म्हणजे पाण्याच्या पलीकडचा आणखी एक बाप्तिस्मा. शेवटची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. साध्या बायकांना कळेल असे मराठी त्यांना हवे होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. जिला शास्त्राने दूर ठेवले होते, तिने शास्त्र दुसऱ्यांच्या हाती दिले.

टिळक दांपत्याकडे वळताना क्रम पुन्हा बदलतो. १८९३ साली राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना 'नवा करार' दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि तेथेच जिंकले गेले. बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. या दोन वर्षांतल्या टिळकांना काय म्हणावे? 'इच्छेचा बाप्तिस्मा' ही अँब्रोझची कल्पना त्यांना लागू करता येईल. त्यांच्या आप्तांना मात्र दिसत होता तो एक ब्राह्मण, जो अजून हातचा गेलेला नव्हता. टिळकांच्या आयुष्याचा शेवटही याच प्रश्नाशी येतो. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' उभा करू पाहिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. ज्या पाण्यासाठी त्यांनी घरदार, जात आणि काही काळ बायकोही गमावली, तेच पाणी दाराशी अट म्हणून ठेवण्याचे त्यांनी नाकारले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग फार पुढे गेला नाही. तथापि त्यामागचा विचार समजण्यासाठी कर्नेल्याच्या घरचा प्रसंग आठवावा. आत्मा कोणाला द्यावा, हे ईश्वर आपल्याला विचारून ठरवीत नाही, हा त्या अध्यायाचा मथितार्थ आहे.

लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली, नवऱ्यानंतर सुमारे पाच वर्षांनी झाला. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त या मधल्या काळाचे जे चित्र आहे, ते मराठी गद्यातील सर्वोत्तम पानांपैकी आहे, याविषयी दुमत नसावे. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आल्यावर ओढवलेली विलक्षण अवस्था, नातेवाइकांकडचे दिवस, मग मुलाला घेऊन त्या वेळच्या अहमदनगरला येणे, तेथेही सोवळे सांभाळणे. पण या ग्रंथाकडे ख्रिस्ती शास्त्राच्या अंगाने पाहिले, तर एक गोष्ट चटकन दिसते. लक्ष्मीबाईंच्या मनाचे वळण सिद्धांताने आलेले नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे त्यांना एकदा विचार करता करता उमगले. आणि यापुढे आपण कोणाच्याही हातचे खाऊपिऊ, असा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा यानंतरचा.

श्रीपत शेषाद्री आणि पंचहौदचा चहा ध्यानात ठेवून हे वाचावे. ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, यावर माणसाचे स्थान ठरते, त्या समाजात खरा संस्कार कोणता : कपाळावर पडणारे पाणी, की ओठाला लावलेला परक्याचा पेला? लक्ष्मीबाई यावर भाष्य करीत नाहीत. तो त्यांचा स्वभाव नाही. पण त्यांच्या निवेदनात प्यायच्या पाण्याला जे महत्त्व आहे, ते संस्काराच्या पाण्याला नाही. शोमरोनी स्त्रीच्या कथेचा आरंभही येथेच होतो, हा योगायोग नाही. यहुदी असलेला येशू शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो आणि ती चकित होते. जीवनाच्या पाण्याचे बोलणे त्यानंतर निघते. रमाबाईंना त्या कथेत टाकलेल्या स्त्रीचे तारण दिसले. लक्ष्मीबाईंच्या चरित्राशेजारी तीच कथा ठेवली, तर विटाळ मोडणे हेच तारणाचे पहिले पाऊल दिसू लागते. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्याच लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे करत आणले, हे या संदर्भात विसरू नये. जिला आधी शास्त्राशी काही कर्तव्य नव्हते, तिने ते ओवीत सांगितले.

यावर एक आक्षेप संभवतो. ही सगळी शास्त्रचर्चा म्हणजे सामाजिक आणि राजकीय वास्तवावर पांघरूण घालणे नव्हे काय? वसाहतीची सत्ता, मिशनचा पैसा, जातीची उतरंड, स्त्रीचे दास्य, यांच्या संदर्भात या धर्मांतरांचा अर्थ लावला पाहिजे, हे खरेच आहे. महात्मा फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली, ती याच भूमीवरून. ब्राह्मणी धर्मग्रंथ वाचल्यामुळेच त्यांनी तो धर्म सोडला, असा त्यांचा रोख आहे, आणि तो रमाबाईंच्या साक्षीशी जुळतोही. परंतु केवळ हाच अर्थ स्वीकारला, तर रमाबाई १८८३ नंतर स्वस्थ का बसल्या नाहीत, याचे उत्तर मिळत नाही. बंडच करायचे होते तर ते बाप्तिस्म्यानेच पुरे झाले होते. मग इंग्लंडमध्ये आपल्या आश्रयदात्यांशीच वाद का? १८९१ ची तळमळ कशासाठी? टिळकांनी १९१७ साली मिशनचे छत्र का सोडले? या प्रश्नांची उत्तरे विश्वास, बाप्तिस्मा आणि तारण यांच्यातील जुन्या ताणात आहेत. सामाजिक वाचन आणि शास्त्रीय वाचन ही येथे एकमेकांची शत्रू नाहीत. पाण्याला येथे जातीने वजन दिले आणि त्या वजनाखाली माणसे शास्त्राकडे नव्याने पाहू लागली, एवढाच दोहोंचा संबंध आहे. पण तो पक्का आहे.

म्हणून अध्यापनात एक साधा बदल सुचवावासा वाटतो. या लेखकांची धर्मांतराची तारीख सांगताना तिच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत : या व्यक्तीचा विश्वास कधीचा, आणि तारण लाभले असे ती स्वतः केव्हापासून म्हणते? पदमनजींसाठी उत्तर वेगळे येईल, रमाबाईंसाठी वेगळे, टिळक आणि लक्ष्मीबाई एका घरात राहूनही त्यांच्यासाठी वेगळे. तारखांमधले हे अंतर मोजता येते, आणि ही पुस्तके लिहिली गेली आहेत ती त्या अंतराविषयीच. 'प्रेषितांची कृत्ये' लिहिणाऱ्याने चार प्रसंगांना एकाच साच्यात बसवले नाही. आपणही या चौघांना एका शब्दात बसवू नये.